भरून आणलेले कॉल

लग्नाला गेलं की लोक माझ्या हातात अक्षतांच्या आधी मोबाइल ठेवतात. "बघा हो जरा, घरात रेंजच येत नाही." मी मोबाइल कंपनीत होते एवढंच त्यांना माहीत असतं, आणि तेवढ्यावर ते मला कव्हर बदलण्यापासून विसरलेला पासवर्ड आठवून देण्यापर्यंत सगळी कामं सांगतात. एका बारशाला एका आजोबांनी माझ्याकडून रिंगचा आवाज मोठा करून घेतला आणि मग "इंजिनिअर आहे हं ही!" असं चारचौघांत जाहीर केलं. उभ्या नोकरीत माझं इतकं निर्मळ कौतुक साहेबांनी कधी केलं नाही.

माझं खरं काम होतं वाटणीचं. एका टॉवरला हवेतली जी काही जागा मिळालेली असते, ती कुणाला किती द्यायची हे ठरवायचं. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू हवा वाटतेस? आणि त्याचा पगार देतात?" मी हो म्हणाले. त्यावर तिनं शेजारच्या काकूंना सांगितलं की मुलगी बँकेत लागली.

लोकांना वाटतं, फोनवर पट्ट्या दिसल्या म्हणजे झालं. अहो, पट्ट्या दिसल्या म्हणजे मंगल कार्यालयाची पाटी दिसली. आत पंगतीत पाट मिळेल का, हा प्रश्न वेगळा. टॉवर म्हणजे पंगतच समजा. पाट ठरलेले आणि खाणारे नाना तऱ्हेचे. साधा कॉल करणारा थोडं खातो, पण त्याला वेळेवर लागतं. घास जरा उशिरा आला की त्याचं बोलणं तुटक होतं. व्हिडिओ कॉलवाला भरपूर खातो आणि त्यालाही वेळेवर लागतं. सिनेमा उतरवून घेणारा अख्खं पातेलं संपवतो, पण बिचारा थांबतो. हल्ली घरात डबा बसवून त्यावर सगळ्या घराचं इंटरनेट चालवणारे आलेत. ते सहकुटुंब बसतात आणि उठायचं नावच घेत नाहीत.

आणि एक पाहुणा सगळ्यांत नाजूक. तो दुसऱ्याच टॉवरच्या हद्दीत बोलायला बसलेला असतो आणि बोलत बोलत, चालत किंवा गाडीतून, आमच्या हद्दीत येतो. म्हणजे अर्ध्या जेवणावर भरलेलं ताट हातात घेऊन आमच्या पंगतीत उभा. त्याला "जागा नाही" म्हणता येत नाही, कारण तसं म्हटलं की त्याचा चालू कॉल तुटतो. नव्यानं फोन लावणाऱ्याला "थोड्या वेळाने प्रयत्न करा" म्हटलं तर तो चिडतो. बोलता बोलता तोडलं तर शिव्या देतो. आमच्या धंद्यात चिडण्यापेक्षा शिव्या वाईट. म्हणून प्रत्येक टॉवरवर अशा चालत्या पाहुण्यांसाठी काही पाट रिकामे राखून ठेवायचे. किती राखायचे, यावर माझा पगार चालायचा.

माणसं मात्र ही वाटणी आपापल्या परीनं समजून घेत. चिकलठाण्याच्या बाजूला एका मंगल कार्यालयात लग्न होतं, आणि नवऱ्या मुलाचा भाऊ परदेशात असल्यानं त्याला सगळं थेट दाखवायचं ठरलं होतं. अंतरपाट दूर झाला तसे दोन्हीकडच्या मंडळींनी एकदम फोन वर केले, जो तो व्हिडिओ पाठवायला लागला, आणि परदेशातल्या भावाला नवरीच्या जागी एक गोल फिरणारं चक्र दिसलं. नवऱ्याच्या मामांनी कुठून तरी माझा नंबर मिळवला. "मॅडम, आम्ही वरपक्ष आहोत," ते म्हणाले. मी म्हटलं, "अभिनंदन." "तसं नव्हं. मुलीकडचे लोक बी नेट वापरायलेत. त्यांचं जरा कमी करून आमच्याकडं सोडा." मी सांगितलं की टॉवरला वरपक्ष, वधूपक्ष कळत नाही. मग मामा म्हणाले, "मग तुमच्या टॉवरला लग्नाचं काय कळतंय?" आणि फोन ठेवला.

गारखेड्यातल्या एका निवृत्त गृहस्थांनी इंटरनेटचा डबा देवघरात बसवला होता. तिथं तो नीट चालेना. आमचा शकील तो खिडकीत हलवायला गेला. शकील म्हणजे टॉवरवर चढणारा आमचा माणूस, माझा उजवा हात आणि कधीकधी डावा कानही. गृहस्थ त्याला म्हणाले, "ज्ञान देणारी वस्तू आहे, तिथंच राहू द्या." शकीलनं डोकं चालवलं. "काका, भगवान हर जगा है, लेकिन सिग्नल खिडकी में है." डबा खिडकीत आला. दसऱ्याला त्यांनी तिथंच त्याला झेंडूचा हार घातला आणि फोटो मला पाठवला. फोटो एका झटक्यात आला, म्हणजे काम चांगलं झालं होतं.

पण मला सांगायचं आहे ते पडेगावचं.

पडेगावला दौलताबाद रस्त्याच्या आत एक नवी वसाहत झाली होती. एकमजली घरं, अरुंद गल्ल्या, आणि शेवटची गल्ली तर सरळ एका कुंपणाला जाऊन संपणारी. तिथल्या टॉवरचे आकडे माझ्या पडद्यावर विचित्र दिसायला लागले. शेजारच्या टॉवरवरून चालू कॉल घेऊन येणारे पाहुणे इतके, की मला वाटावं मध्ये हमरस्ता आहे. संध्याकाळी तर रांगच. बरं, येणारे सगळे. जाणारं जवळजवळ कुणीच नाही. माणसं बोलत बोलत वसाहतीत शिरत होती आणि आत गडप होत होती.

पुण्याचे साहेब खूश. त्यांना आकडे वाढले की बरं वाटायचं, कशाचे वाढले हे ते नंतर बघत. "हलता वर्ग मोठा आहे तिथं. येणाऱ्यांसाठी राखीव जागा वाढवा." संगणकही तेच सुचवत होता. साहेब आणि संगणक यांचं एकमत झालं की मी वाद घालत नसे. जागा वाढवल्या. पुढच्या आठवड्यात येणारे आणखी वाढले. परत वाढवल्या. परत वाढले. मी नकाशा काढून बघितला. हमरस्ता नाही, शाळा नाही, कारखाना नाही. गल्ली आणि कुंपण.

"शकीलभाई, हे लोक येतात कुठून?"

"मॅडम, मैं बोलूं? जिन्नात होंगे."

त्याच सुमारास एक तक्रार आली. तक्रार करणारी बाई पडेगावच्याच त्या वसाहतीतली, कौसाबाई. पण फोन केला होता शहरातल्या एका दवाखान्यातून. गुडघे दाखवायला गेल्या होत्या, रांगेत बसल्या होत्या, आणि तिथं फोन लागतो हे लक्षात आल्याबरोबर त्यांनी डॉक्टरांच्या आधी आम्हाला गाठलं. "घरनं लागत नाय म्हणून इथनं लावायली," असं त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. मी शकीलला म्हटलं, गाडी काढा.

वसाहतीच्या तोंडाशी एक पिठाची गिरणी आहे. दुपार कलली होती आणि गिरणीसमोर ही गर्दी. मला वाटलं दळणाची असेल. जवळ गेल्यावर बघते तर प्रत्येकाच्या कानाला फोन. एकजण नंबर लावून "हॅलो, हॅलो, लागला, लागला" करत गल्लीत चालायला लागला. त्याच्यामागे एक बाई, एका हातात दळणाचा डबा, दुसऱ्या हातानं फोन कानाला, तीही आत. एक गृहस्थ स्कूटरवर आले, बसल्या बसल्या फोन लावला, तो हेल्मेटमध्ये कानाशी खोचला आणि "हां, बोल आता" म्हणत घराकडे वळले. मी तोंड उघडं टाकून बघत होते.

गिरणीवाल्याला विचारलं, "हे काय करायलेत सगळे?"

"कॉल भरायलेत."

"काय?"

"कॉल भरायलेत हो, मॅडम. घरात लागत नाय. इथनं लावला की लागतो. मग चालू ठेवायचा आन् घरी न्यायचा. घरात गेल्यावर तुटत नाय. फक्त तिसऱ्या खांबापाशी थांबायचं नाय, तिथं आवाज जरा गिळतो. सरळ चालत ऱ्हायचं."

शकील कपाळाला हात लावून हसायला लागला. मला हसू यायला जरा वेळ लागला, कारण तिसरा खांब म्हणजे दोन टॉवरांची हद्द होती आणि त्या खांबापाशी माझी अब्रू टांगलेली मला दिसत होती.

काय झालं होतं बघा. वसाहत वाढली, घरोघरी इंटरनेटचे डबे आले, टॉवरवरची जागा कमी पडायला लागली आणि घरात नवे कॉल लागेनात. गिरणीपाशी मात्र शेजारच्या टॉवरची हद्द, तो निवांत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की तिथून फोन लावून आत नेला की तो टिकतो. टिकणारच, कारण चालत्या पाहुण्याला आम्ही पाट राखून ठेवला होता. आम्हाला पडद्यावर दिसलं की येणारे वाढले. म्हणून आम्ही येणाऱ्यांसाठी आणखी जागा राखल्या. त्यामुळे घरात नवे कॉल आणखी लागेनात, म्हणून आणखी लोक गिरणीपाशी जायला लागले. पुण्याचे साहेब, संगणक आणि मी, तिघं मिळून अख्ख्या वसाहतीला पायी फिरवत होतो.

आणि एका कौसाबाई सोडल्या तर कुणी तक्रार करू नये! पण आमच्या शहरात नळाला पाणी कधी रोज येत नाही. येईल तेव्हा भरायचं, न येईल तेव्हा दुसरीकडून आणायचं, हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. पाणी जसं बाहेरून भरून आणतात तसा त्यांनी कॉल भरून आणला. त्याचे रीतिरिवाजही ठरले होते. एकदा घरात आणलेला कॉल लगेच ठेवायचा नाही. सगळ्यांनी बोलून घ्यायचं. कॉल लावलेल्या गावात शेजारणीचे नातेवाईक असतील तर खुशाली विचारायला तिलाही दोन मिनिटं द्यायची. गिरणीवाल्याचा धंदा वाढला होता, आणि हा शोध आपणच लावला असं तो सांगत होता. स्कूटरवाले गृहस्थही तेच सांगत होते.

कौसाबाई दारात बाजेवर पाय पसरून बसलेल्या. आम्हाला बघून त्यांनी आधी शकीलला टॉवर केवढा उंच असतो ते विचारलं, मग मला लेकरं किती ते विचारलं, आणि मग मुद्द्यावर आल्या.

"मॅडम, माझी लेक परभणीला दिलीय. ती रोज मला फोन लावती. आन् तुमची ती आतली बाई तिला काय सांगती? म्हणं, संपर्क क्षेत्राच्या बाहेर! मी कुठं बाहेर जाती हो? ह्या गुडघ्यानं मला मोरीपर्यंत जाणं बी जड. लेक म्हणती, आई, तू दिवसभर असती कुठं?"

मी म्हटलं, "तुमच्या सूनबाई कॉल भरून आणत नाहीत का?"

"आणती की. लई गुणाची हाय. पण त्यो चालत आलेला कॉल. तवर लेकीचं निम्मं बोलणं सूनबाईशीच झालेलं असतंय. मला मिळतंय ते 'बरं, ठेवू का?' माझ्या फोनची घंटी वाजावी, मी उचलावा, असं पायजेल मला. उष्टा कॉल नको."

तेवढ्यात आतून सून चहा घेऊन आली. वैशाली तिचं नाव, पंचविशीच्या आतबाहेरची. एक शब्द बोलली नाही. पण मी निघाले तशी म्हणाली, "मॅडमना कुठं लागतो ते दाखवून येते," आणि दळणाचा डबा उचलून माझ्याबरोबर आली. डबा मला फारच हलका वाटला.

तिसरा खांब ओलांडला आणि पोरगी एकदम बोलायला लागली.

"मॅडम, तुम्ही हे नीट करायलात का?"

"त्यासाठीच आले."

"नका करू."

मी थांबलेच. आयुष्यात मला रेंज द्या म्हणणारे भेटले, कमी आहे म्हणणारे भेटले, टॉवर काढा म्हणणारेही भेटले. बिघाड तसाच ठेवा म्हणणारी ही पहिलीच.

"माझी बहीण नांदेडला असते," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी मी इथं येते, अर्धा तास तिच्याशी बोलते. काही चोरून-बिरून नाही हो. आम्ही नुसत्या हसतो. लहानपणापासनं आमचं तसंच आहे, कशावरनं पण हसू येतं. घरात दीड खोली. तिथं हसलं की सगळे विचारतात, काय झालं, कोणाला हसलीस? मग सांगावं लागतं. सांगितलं की हसू जातं. सासूबाई वाईट नाहीत, खरंच नाहीत. पण घरात रेंज आली की ह्यांचं म्हणणं येणार, आता बाहेर कशाला, घरातच बोल. माझं म्हणून दिवसात तेवढंच आहे, मॅडम."

पडद्यावर मी हजारो कॉल हे वर, ते खाली केले होते. हा बोलणारा, हा बघणारा, हा थांबू शकतो, हा नाही. त्यांना तोंडं नसायची. आता एकाच घरातल्या दोन बायका समोर आल्या होत्या. एकीला घंटी घरात वाजायला हवी होती, दुसरीला ती घरात वाजायला नको होती, आणि वाटणी माझ्या हातात. खरं सांगते, पुण्याच्या साहेबांसमोर मला कधी घाम फुटला नाही तो त्या गिरणीसमोर फुटला.

शकील गाडीला टेकून ऐकत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "मॅडम, बुढ्ढी भी सही, बच्ची भी सही. गलत कौन? अपन!"

"गप्प बसा हो."

"हौ, बैठ गया."

ऑफिसात येऊन मी वाटणीचा पडदा उघडला. चालत्या पाहुण्यांच्या राखीव जागा कमी करायच्याच होत्या, त्यात शंका नव्हती. चूक ती चूक. तिथून सुटलेल्या जागा कुणाला द्यायच्या, एवढंच उरलं होतं. साहेबांचा कल डबेवाल्यांकडे आणि व्हिडिओवाल्यांकडे होता, कारण तेच मोठे गिऱ्हाईक. मी सगळ्या जागा साध्या कॉलना दिल्या. डबेवाल्यांचं जे होतं ते राहू दिलं. आणि त्या वसाहतीत संध्याकाळच्या गर्दीत व्हिडिओ कॉलला सगळ्यांत शेवटचा पाट दिला. हे मी चोरून केलं नाही. सगळ्यांना पुरेल इतकी जागा तिथं नव्हतीच, कुणाला तरी कमी पडणारच होतं. कुणाला, हे ठरवायचा अधिकार माझा होता, आणि तो मी वापरला. साहेबांनी फोन करून विचारलं, व्हिडिओ मागे का? मी म्हटलं, "स्थानिक गरज." साहेबांना हा शब्द इतका आवडला की पुढं बैठकीत त्यांनी तो स्वतःचा म्हणून वापरला.

दुसऱ्या दिवशी मी वैशालीला सांगितलं, "आता घरात आवाज येईल. पण चेहरा काही नीट यायचा नाही. चेहरा बघायचा तर गिरणीपाशी जावं लागेल."

तिला समजायला क्षणभर लागला. मग ती जी हसली! नांदेडच्या बहिणीचा वाटा त्या दिवशी मलाच मिळाला.

झालं. कौसाबाईंच्या फोनची घंटी घरात वाजायला लागली. लेक परभणीहून रोज लावायची, बाई बाजेवर बसून उचलायच्या आणि "घरीच हाय मी, कुठं जाती?" अशी सुरुवात करायच्या. संध्याकाळी सून म्हणायची, "आई, नांदेडच्या ताईचा चेहरा अडकायला लागलाय, जरा कोपऱ्यावर जाऊन येते." कुणी ना म्हणत नसे. गिरणीसमोरची गर्दी मात्र ओसरली आणि गिरणीवाला माझ्यावर रुसला. पुढं मी एकदा तिकडं गेले तर त्यानं मला ओळखच दाखवली नाही.

पण आमच्या धंद्यात कुठलीच वाटणी टिकत नाही. वर्ष-दीड वर्षानं कंपनीनं त्या टॉवरवर नवी यंत्रं चढवली. पंगत एकदम दुप्पट-तिप्पट झाली. आवाज, चेहरा, सिनेमा, डबे, सगळ्यांना पाट. मला काही ठरवायलाच उरलं नाही. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, शेवटचे काही दिवस राहिले होते, आणि खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. साहेबांनी वसाहतीतल्या प्रत्येक फोनवर संदेश धाडला, की आता आपल्या घरात, कानाकोपऱ्यात, अखंड व्हिडिओ. तो मी दोनदा वाचला. तो संदेश वैशालीच्या नवऱ्याच्या फोनवरही गेला असणार.

निवृत्तीच्या निरोपाचे सामोसे टेबलावर होते, लोक भाषणाची वाट बघत होते, आणि मी दार लावून कौसाबाईंना फोन लावला. सवयीनं कॉल तपासणीलाही लावून ठेवला, म्हणजे तो कसा चाललाय ते पडद्यावर दिसतं. पहिल्याच घंटीला उचलला. आवाज इतका स्वच्छ, की मागं कुकरची शिट्टी झाली तीसुद्धा मला ऐकू आली.

"कोण, मॅडम? बोला की."

"कौसाबाई, आता घरात रेंज कशी आहे? व्हिडिओ येतोय का नीट?"

बाई एकदम एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या की मी फोन कानापासून लांब धरला.

"काय सांगू मॅडम! कशाची रेंज आन् कशाचं काय! घरात अजाबात लागत नाय! व्हिडिओ तर नावालाबी नाय! सूनबाईला रोज कोपऱ्यावर पळावं लागतंय बिचारीला!"

मी पडद्याकडं बघितलं. कॉलचा दर्जा, उत्तम. त्याहून वर काही दाखवायची सोयच नव्हती.

"कौसाबाई, अहो तुम्ही घरातूनच बोलताय ना?"

बाईंनी आवाज एकदम खाली आणला. "पोरगं जेवायला बसलंय इथं. त्यो तुमचा मेसेज वाचल्यापासनं म्हणायलाय, आता बाहेर जायचं काय काम, घरात बोल. मी म्हणलं, खोटं हाय त्ये, कंपनीवाले काय बी लिवत्यात."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? वैशालीचं?"

"आता बया! तिचं हसू कोपऱ्यावरनं हितं माझ्या बाजंवर ऐकू येतंय. पोरीला वाटतंय मला कळत नाय." मग म्हणाल्या, "मॅडम, मी सून होऊन आले तवा गावात एकच हापसा होता. सासू म्हणायची, पाणी भरायला एवढा येळ काऊन लागतो? आम्ही चौघीजणी तिथं बोलायचो, हसायचो, मग कळशी उचलायची. पुढं दारात नळ आला. सगळ्या गावानं पेढे वाटले. मी मोरीत बसून रडले होते. कोणाला सांगणार, नळ आला म्हणून रडली?"

इतकी वर्षं मी घराघरात नळ नेत होते.

"ऐकायलात ना?" बाई म्हणाल्या, आणि परत आवाज चढवला, पोराला ऐकू जाईल असा. "मग माझी तक्रार लिवून घ्या! घरात रेंज नाय! आन् लवकर काय नीट व्हायची नाय असं बी लिवा!"

"लिहिली," मी म्हटलं.

आणि खरंच लिहिली. बाहेर सामोसे गार झाले तरी चालतील म्हणून नीट बसून लिहिली, कौसाबाईंच्याच शब्दांत. माझ्या जागी नागपूरहून नव्या बाई आल्या होत्या. त्यांना खुर्ची, किल्ल्या, शकीलभाई आणि पडेगावची ती तक्रार, एवढं सगळं सोपवलं. त्यांनी तो टॉवर पडद्यावर उघडून बघितला आणि म्हणाल्या, "अहो, इथं तर सगळं उत्तम चालू आहे. ही तक्रार बंद करून टाकू ना?"

शकील माझ्याही आधी बोलला, "नक्को मॅडम. वो चालू रखने की है."